फुसका बार आणि दुहेरी बार

(पारोळा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजच्या विषयाचा फलक लागला तेव्हा त्यावर एवढंच लिहिलं होतं, "दारूची निवड – ऐतिहासिक दृष्टिकोन". तो वाचून दोन गृहस्थांनी मला वाटेत थांबवलं आणि विचारलं, "सर, या वयात?" तेव्हा पहिल्यांदा खुलासा. आज आपण बंदुकीच्या दारूबद्दल बोलणार आहोत. दुसऱ्या दारूची निवड कशी करावी हे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि पारोळ्यात ते सांगणारे तज्ज्ञ काही कमी नाहीत.

विषय निघाला तो एका प्रश्नातून. माझ्या ओळखीचा एक मुलगा पिस्तूल नेमबाजी शिकतो. परदेशातले लोक वापरलेल्या काडतुसाचं पितळी कवच जपून ठेवतात, घरच्या टेबलावर त्यात नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवतात, हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं. त्याने मला विचारलं, "सर, नवख्या माणसाने पिस्तुलाच्या काडतुसासाठी कोणती दारू निवडावी? सगळ्यात जोरदार असेल ती ना?"

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. बंदूक चालवणं माझं काम नव्हे. पण प्रश्न ऐकला आणि वाटलं, याचं उत्तर इतिहासात आहे. आणि त्या इतिहासातला बराचसा भाग आपल्या खानदेशात, आपल्या गावच्या किल्ल्याच्या आसपास घडलेला आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना शोधत बसायला नको. नवख्याची दारू जोरदार असण्याची गरज नाही. जिच्यात आपली चूक आपल्याला दिसते, ती दारू नवख्याची. आता हे का म्हणतो ते पाहू.

मामांचा गज

साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरी नदीच्या काठाला आमच्या मामांचं शेत होतं आणि रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. ठासणीची म्हणजे तोंडातून भरायची. आधी दारू ओतायची, मग चिंधी, मग छर्रे, आणि लोखंडी गजाने ठासायचं. मागे टोपी लावायची. घोडा पडला की टोपी फुटते, तिची ठिणगी आत जाते आणि बार उडतो.

पावसाळ्याची रात्र होती. मामेभावाने संध्याकाळी बंदूक भरली, एकदा घोडा ओढला, टोपी फुटली पण बार उडाला नाही. दारू सर्दावलेली. तो हसला, "फुसका बार!" म्हणाला आणि बंदूक कोपऱ्यात ठेवून जेवायला गेला. कुणाला सांगितलं नाही. रात्री मामा उठले, नवी दारू काढली. मी कंदील धरून उभा. दारू ओतण्याआधी त्यांनी रिकामा गज नळीत सोडला. त्या गजावर त्यांनी कानशीने एक खाच केलेली होती. नळी रिकामी असेल तर खाच बरोबर तोंडाशी यायची. त्या रात्री खाच चार बोटं वर राहिली. मामा माझ्याकडे वळून अहिराणीत एवढंच म्हणाले, "पोऱ्या, पहिले गज टाकीसन देख."

तो गज टाकला नसता तर एका बारावर दुसरा बार बसला असता. शेजारच्या गावात एकाचं तसं झालं होतं आणि त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली होती. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. पुढे मी ज्ञानमीमांसा शिकलो, शिकवली, ज्ञान म्हणजे काय यावर पुष्कळ बोललो. पण ज्ञानाचं साधन म्हणजे काय हे मला त्या खाचेने शिकवलं. नळीत काय आहे ते डोळ्याला दिसत नव्हतं. खाचेने ते दिसलं.

आपल्या भाषेत "फुसका बार" हा थट्टेचा शब्द आहे. निवडणुकीतल्या भाषणाला आपण फुसका बार म्हणतो. पण बंदुकीच्या इतिहासात फुसका बार ही सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे, कारण दुहेरी बार त्याच्या पोटातून जन्मतो. १८६३ साली अमेरिकेतल्या यादवी युद्धात गेटिसबर्गची लढाई झाली. नंतर रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा केल्या गेल्या. तेव्हाच्या नोंदीप्रमाणे त्यांतल्या सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या, जवळपास १२ हजारांत दोन-दोन बार होते आणि काही हजारांत तर त्याहूनही जास्त. त्या गदारोळात आपला बार उडाला की नाही हेच शिपायाला कळत नव्हतं. तो भरत राहिला. दारू चांगली होती, बंदूक चांगली होती. चूक दिसण्याची सोय नव्हती.

एक दारू, अनेक कामं

आता जरा मागे जाऊ. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. वस्तू तीन, पण दारू एक नव्हे. आपल्या जुन्या शब्दांतच हा भेद आहे. "रंजक" म्हणजे बत्तीच्या भोकाशी ठेवायची बारीक, चटकन पेटणारी दारू. बंदुकीची दारू निराळी, तोफेची निराळी. तोफेला जाड दाण्याची लागते, लहान नळीला बारीक दाण्याची.

असं का? दारू किती जळते याच्याइतकंच ती किती वेगाने जळते याला महत्त्व आहे. बारीक दाणा सगळीकडून एकदम पेटतो. जाड दाणा बाहेरून आत हळूहळू जळत जातो. मोठ्या तोफेत जड गोळा असतो, तो जागचा हलायला वेळ घेतो. तिथे बारीक दारू घातली तर गोळा हलण्याआधीच सगळा दाब तयार होतो आणि तोफ फुटते. उलट लहान बंदुकीत जाड दाणा घातला तर गोळी बाहेर पडली तरी दारू जळतेच आहे, म्हणजे बार फुसका. म्हणून "चांगली दारू कोणती?" हा प्रश्न अर्धा आहे. कशासाठी चांगली, कोणत्या नळीत, कोणत्या गोळीमागे, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थच नाही. "उत्तम" हा गुण वस्तूत एकटा राहत नाही. तो दोन वस्तूंच्या नात्यात असतो. न्यायदर्शन शिकवताना मी हे विद्यार्थ्यांना दोन-दोन तास समजावायचो. गोलंदाज ते एका चिमटीत ओळखत असे.

पण इथे अडचण आहे. गोलंदाजाचं ज्ञान चिमटीत होतं. उस्ताद गेला की चिमूट गेली. त्याचा चेला तीच दारू तशीच ओळखेल याची खात्री काय?

आज्ञापत्राची शहाणीव

या अडचणीवर आपल्या पूर्वजांनी विचार केलाच नव्हता असं समजू नका. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ. त्यातलं दुर्गांचं प्रकरण फार वाचलं जातं, पण दारूखान्याच्या सूचनांकडे लोक घाईने पाहतात. मी त्याचा आशय माझ्या शब्दांत सांगतो.

दारूखाना राहत्या घराजवळ नसावा. सदरेपासून लांब असावा. भोवती निर्गुडीसारख्या झाडांचं दाट कुंपण असावं. तळघर करावं, ते गच्च करावं, आत माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत. ओल लागू देऊ नये. आणि आता महत्त्वाचं. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावं, दारू आणि बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावं, आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावं. रात्रंदिवस पहारा असावा.

ही नुसती सुरक्षिततेची यादी नाही. विचार करा, आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढायचं म्हणजे काय? सर्दावलेली दारू मडक्यात बसल्या बसल्या ओरडत नाही. ती कळते लढाईच्या दिवशी, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. अमात्य म्हणतात, लढाईची वाट पाहू नका, उन्हात काढा, चूक आजच दिसू द्या. आणि मुद्रा कशासाठी? मधल्या काळात कुणी हात लावला असेल तर तेही दिसावं म्हणून. मामांच्या गजावरची खाच आणि हवालदाराची मुद्रा, माझ्या मते ही एकाच विचाराची दोन रूपं आहेत.

खानदेशातले दोन धडे, आणि झाशीचा एक

हा विचार सुटला की काय होतं, ते आपल्याच मुलखात पाहायला मिळतं. १८१८ साली पेशवाई बुडाली, पण खानदेशातल्या किल्ल्यांमधले अरब शिपाई हटेनात. मालेगाव तेव्हा खानदेशातच मोडत असे. तिथल्या भुईकोटाला इंग्रजांनी वेढा घातला. मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी हल्ला केला, तो फसला. पुढे जूनमध्ये जादा तोफा आल्या, कुलपी गोळ्यांचा मारा झाला आणि किल्ल्यातली दारूची कोठारं उडाली. तटाचा मोठा तुकडा कोसळला. दोन-तीन दिवसांत शरणागती. जी भिंत शत्रूला बाहेरून पाडता आली नाही, ती आतल्या दारूने पाडली. "सदरेपासून लांब, तळघर करावं" ही ओळ इथे आठवते.

दुसरा धडा या आपल्या किल्ल्याचा. हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ च्या सुमारास तो बांधला, असं गॅझेटिअर सांगतं. लहानशा वस्तीचं तटबंदीचं गाव त्यांनीच केलं. खंदक, बुरूज, तटातल्या जंग्या आजही पाहता येतात. झाशीच्या घराण्याचा या गावाशी संबंध होता हे तर इथल्या पोरासोरालाही माहीत आहे. १८२१ मध्ये खानदेशचे पहिले पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज यांच्यावर इथे हल्ल्याचा प्रयत्न झाला, आणि १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी मालकाची जहागीर जप्त करून किल्ला मोडून टाकला. म्हणजे या बुरुजांवरची दारू मोठ्या लढाईत उडालीच नाही. पण तिच्याबद्दलची भीती मात्र इंग्रजांच्या मनात होती. न उडालेल्या दारूचाही इतिहास असतो.

आणि झाशी. १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. त्या वेळी वरसईचे विष्णुभट गोडसे किल्ल्याच्या परिसरात होते, आणि त्यांचं "माझा प्रवास" हे पुस्तक मराठीत आहे हे आपलं भाग्य. ते सांगतात की किल्ल्यात दारू तयार करण्याचं काम चालू होतं. त्यावर गोळा पडला, दारू भडकली आणि काम करणारी माणसं, त्यांत बायकाही होत्या, जागच्या जागी गेली. हा प्रसंग वाचताना मी दरवेळी थांबतो. वेढ्यात दारू संपत आली की ती आतच करावी लागते. तेव्हा लांब जागा कुठली, ऊन देणं कुठलं, मुद्रा कुठली. मी त्या लोकांना दोष देत नाही. मी एवढंच म्हणतो की चूक दिसायची सोय शांततेच्या दिवसांत करून ठेवावी लागते. संकटात ती करता येत नाही.

चिमटीकडून तक्त्याकडे

आता एक पाऊल बाहेर टाकू. १७४२ मध्ये इंग्लंडात बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञाने तोफविद्येवर एक पुस्तक लिहिलं. त्याने एक साधी युक्ती केली. लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगायचा, त्यावर गोळी झाडायची आणि ठोकळा किती झोका घेतो ते मोजायचं. त्यावरून गोळीचा वेग निघतो. दारू बदला, वजन बदला, पुन्हा मोजा. गणितातले महामेरू ऑयलर यांनी ते पुस्तक जर्मनमध्ये नेलं आणि त्यावर टीका लिहिली. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. त्यानंतर सातच वर्षांनी बिहारच्या सोऱ्याचा मक्ता कंपनीच्या हाती गेला. म्हणजे कच्चा मालही त्यांच्याकडे आणि तक्ताही त्यांच्याकडे.

आपली दारू कमी जोराची होती म्हणून आपण हरलो, असं कधी कधी ऐकतो. मला ते पटत नाही. १८०३ च्या असईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेची जी हानी केली, ती कमी जोराची नव्हती. फरक मला दुसरीकडे दिसतो. उस्तादाची चिमूट चुकली तर ते उस्तादालाच कळणार, किंवा कुणालाच नाही. तक्त्यातला आकडा चुकला तर ज्याने कधी तोफ पाहिली नाही अशा माणसालाही तो दूरच्या खोलीत बसून पकडता येतो. उस्तादाचं ज्ञान खोटं नव्हतं, पण ते दुसऱ्याला तपासता येत नव्हतं.

हा फरक १८८४ नंतर फार मोठा झाला. त्या वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू केली. काळी दारू डोळ्याला, बोटाला काहीतरी सांगत असे. नवी दारू काही सांगत नाही. दोन डब्यांतली दारू दिसायला जवळपास सारखी, पण एक झपाट्याने जळणारी, दुसरी संथ. जुन्या सवयीने काळ्या दारूच्या मापाने ही नवी दारू भरणाऱ्यांच्या बंदुका फुटल्या. चिमटीचा काळ संपला, तो इथे.

मग नवख्याने काय करावं?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. ज्या देशांत कायद्याने परवानगी आहे तिथले अनुभवी लोक नवख्याला काय सांगतात, ते मी वाचून पाहिलं. मला वाटलं होतं, ते जोराबद्दल बोलतील. ते बोलतात ते वेगळंच.

पिस्तुलाची नळी आखूड, म्हणून तिला तुलनेने झटपट जळणारी दारू लागते. पण अशा काही दारू इतक्या थोड्या लागतात की कवचाचा तळच तेवढा झाकला जातो. मग चुकून दोनदा माप पडलं तरी ते कवचात आरामात बसतं आणि वरून गोळी बसवली की काही दिसत नाही. म्हणून ते म्हणतात, नवख्याने फुगीर दारू घ्यावी, म्हणजे वजनाला तेवढीच पण जागा जास्त व्यापणारी. दुसऱ्यांदा माप पडलं तर ती कवचाबाहेर सांडते. हात थांबतो. पुढचे सल्ले त्याच जातीचे. टेबलावर एका वेळी एकच डबा. उत्पादकाच्या छापील तक्त्यातलंच माप, आणि तेही खालून सुरुवात. गोळी बसवण्याआधी प्रत्येक कवचात उजेडात डोकावून पाहायचं. आणि झाडताना आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर पुढचा बार उडवायचा नाही, कारण गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी आली की नळी फुटते. पुन्हा तोच फुसका बार!

पाहा, मामांचा गज, अमात्यांचं ऊन आणि हा सांडणारा दाणा. तीन शतकं, तीन मुलूख, आणि गोष्ट एकच.

आपल्याकडे मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे. तेव्हा घरच्या टेबलाचा विचार डोक्यातून काढून टाका. आपल्या देशात हे काम कारखान्यात होतं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. आपल्याच जिल्ह्यात वरणगावला १९६४ पासून लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. इथल्या कितीतरी घरांतली माणसं भुसावळ-वरणगावच्या कारखान्यांत नोकरी करून निवृत्त झाली. त्यांना विचारा. अशा कारखान्यातला प्रत्येक घाणा वेगळा ओळखता येतो, त्याला क्रमांक असतो, त्यातले नमुने तपासले जातात. अमात्यांची मुद्राच ती, फक्त आता छापील.

पण म्हणून निवड संपली असं नाही. पंचवीस मीटर पिस्तुलात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. पॅरिसमध्ये २०२४ ला स्वप्निल कुसाळे यांनी रायफलमध्ये कांस्य आणलं. या दोन्ही प्रकारांत बावीस बोअरची काडतुसं असतात, आणि ती पुन्हा भरण्याच्या सोयीची नसतातच. तरीही वरच्या पातळीवर निवड असतेच. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे घाणे एकाच नळीतून झाडून पाहतात. कागदावर कोणत्या घाण्याचा घोळका सगळ्यात लहान पडतो, ते पाहून तो घाणा घेतात. सगळे घाणे चांगलेच असतात. पण या नळीला कोणता मानवतो, हे कागदावरची भोकं सांगतात. माणसाची हौस सांगत नाही, जाहिरातही सांगत नाही.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. तो थोडा हिरमुसला. त्याला एखाद्या डब्याचं नाव हवं होतं. तो म्हणाला, "सर, म्हणजे उत्तर नाहीच का?" मी म्हटलं, उत्तर आहे, पण ते नावात नाही. तू आज सराव करतोस, त्याची वही ठेवतोस का? कोणत्या खोक्यातली काडतुसं, कोणत्या दिवशी, कागदावर भोकं कुठे? तो म्हणाला, नाही. मग मी म्हटलं, पहिले गज टाकीसन देख.

गेल्या आठवड्यात तो वही घेऊन आला. पहिल्या पानावर त्याने स्वतःच्या तीन चुका लिहिल्या होत्या. मला फार बरं वाटलं.